गळ पाहून रॉड: बासच्या लुअरसाठी निवडीच्या नोंदी

७ जानेवारी

कामाला सुरुवात केली. बास या माशासाठी जे लुअर, म्हणजे खोटी आमिषं, मी खरोखर पाण्यात टाकतो, त्यांना मासेमारीचे किती आणि कसे रॉड लागतात ते स्वतः मोजून ठरवायचं आहे. गरज पडली तर एक रॉड कोऱ्या ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या नुसत्या नळीवर, घरी बांधायचा. रॉडवर छापलेल्या 'फास्ट' किंवा 'मॉडरेट' या शब्दावर निवड सोडायची नाही. हे शब्द सगळ्या कंपन्या एकाच मापाने वापरत नाहीत. एकीचा फास्ट रॉड दुसरीच्या मॉडरेट-फास्टएवढा लवतो, हे दोन्ही शेजारी धरून वाकवले की लगेच कळतं.

पेटीतले लुअर टेबलावर काढून गट पाडले. क्रँकबेट (उथळ आणि खोल जाणारे), जर्कबेट, पाण्यावर चालणारे टॉपवॉटर, फिरत्या पात्याचं स्पिनरबेट, पात्याचा जिग म्हणजे चॅटरबेट, साधा जिग (गळाच्या डोक्याला वजन), टेक्सास रिग (गळ रबरी किड्यात लपवलेला), ड्रॉप शॉट (वजन गळाच्या खाली) आणि पोकळ बेडूक. प्रत्येकाशेजारी वजन लिहिलं आणि त्याला कोणता गळ आहे तेही लिहिलं. गळाचा रकाना सहज म्हणून घातला होता, पण पान भरल्यावर नजर त्याच रकान्यावर खिळली. अर्ध्या पेटीला बारीक तारेचे ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांचे गळ, आहेत आणि उरलेल्या अर्ध्या पेटीला एकच जाड गळ. या दोन टोळ्यांना एकच रॉड पुरेल असं वाटत नाही.

१२ जानेवारी

शब्द आधी नक्की करून घेतो, नाहीतर पुढे घोळ होईल.

पॉवर म्हणजे रॉड लववायला किती जोर लागतो ते: लाइट, मीडियम, मीडियम-हेवी, हेवी. अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठे लवतो ते. शेंड्याकडचा साधारण तिसरा हिस्साच लवला तर फास्ट, त्याहून कमी लवला तर एक्स्ट्रा फास्ट. वाक अर्ध्यापर्यंत उतरला तर मॉडरेट आणि थेट मुठीपर्यंत आला तर स्लो. दोन्ही गुण एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. हेवी पॉवरचा रॉड मॉडरेट असू शकतो आणि लाइट पॉवरचा एक्स्ट्रा फास्ट असू शकतो. 'हा रॉड कडक आहे' एवढंच कोणी सांगितलं तर त्याला जोराबद्दल बोलायचंय की वाकाच्या जागेबद्दल, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मोजायची एक चांगली रीत आहे. विल्यम हॅनेमन यांनी फ्लाय रॉडसाठी बसवलेली 'कॉमन सेंट्स' पद्धत. रॉड आडवा घट्ट धरायचा, शेंड्याला पिशवी अडकवायची आणि शेंडा रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत तिच्यात वजन भरत जायचं. त्यांनी अमेरिकन सेंटची नाणी वापरली, कारण १९८२ नंतरचं प्रत्येक नाणं अडीच ग्रॅमचं असतं. भरलेलं वजन म्हणजे पॉवर. त्याच क्षणी शेंडा आडव्या रेषेशी जो कोन करतो तो म्हणजे अ‍ॅक्शन. कोन मोठा तितका रॉड फास्ट. पद्धत फ्लाय रॉडची असली तरी भौतिकशास्त्र तेच आहे, त्यामुळे माझे रॉड एकमेकांशी ताडून बघायला ती पुरेशी आहे. नाण्यांऐवजी वाळू आणि ग्रॅम दाखवणारा काटा घेणार.

१८ जानेवारी

मोजणी केली. भिंतीवर मोठा कागद चिकटवला, रॉडची मूठ टेबलाला शिकंज्यात धरली आणि शेंड्याला पिशवी लावली. सात फुटी रॉड म्हणजे २१३ सेंटिमीटर, त्यामुळे शेंडा ७१ सेंटिमीटर खाली यायला हवा. प्रत्येक रॉडचा वाक पेन्सिलीने कागदावर उतरवला.

रेषा एकावर एक आल्यावर जे दिसलं ते वाचून कधीच कळलं नसतं. जुन्या ग्लास (काचतंतूच्या) रॉडची रेषा मुठीच्या पुढून लगेच झुकायला लागते आणि एकसारखी गोल उतरते, शेंड्याचा कोन साठ अंशांच्या आसपास. कार्बनचा फास्ट रॉड निम्म्याहून जास्त लांबी जवळपास सरळ राहतो आणि मग एकदम खाली वळतो, कोन सत्तरच्या वर. गंमत म्हणजे या दोघांना लागलेली वाळू जवळजवळ सारखी होती. छापलेली पॉवर दोन्हीवर मीडियम-हेवी आहे आणि ती खरीही आहे. जोर तोच, वाकाची जागा वेगळी. पॉवर आणि अ‍ॅक्शनमधला फरक कुणाला समजावायचा असेल तर मी आता हा कागदच दाखवेन.

तिसरा एक कार्बन रॉड आहे, त्याच्यावरही 'फास्ट' छापलंय. त्याची रेषा मात्र या दोघांच्या बरोबर मधून गेली. त्याला मॉडरेट-फास्ट धरून चालणार.

२५ जानेवारी

मटेरियलचा अभ्यास. इथे जाहिरातींचा गोंगाट फार आहे, म्हणून आकडे नीट मांडून ठेवतो.

काचतंतूचे रॉड १९४० च्या दशकात आले. आर्थर हॉवल्ड यांच्या कामावर शेक्सपिअर कंपनीने ते बाजारात आणले आणि चिरलेल्या बांबूच्या रॉडची सद्दी संपत गेली. कार्बन तंतूचा, म्हणजे ज्याला सगळे ग्रॅफाइट म्हणतात त्याचा, पहिला गाजलेला रॉड फेनविकने १९७३ मध्ये आणला.

तंतूचा ताठपणा मॉड्युलसमध्ये मोजतात. साधी ई-ग्लास साधारण ७२ गिगापास्कल, एस-ग्लास पंच्याऐंशीच्या वर. नेहमीच्या वापरातला कार्बन २३०, त्यापुढचा २९० च्या आसपास आणि उच्च मॉड्युलसचा पावणेचारशेच्या पुढे. घनताही महत्त्वाची: काच साधारण २.५५, कार्बन १.८. म्हणजे कार्बन तिपटीने ताठ आणि वर हलका. तेवढाच ताठपणा मिळवायला कमी माल लागतो, नळी हलकी होते, शेंडा लवकर थांबतो आणि पाण्यातली बारीक टकटक हाताला येते.

पण दुसरी बाजू जाहिरातीत नसते. काचतंतू तुटण्याआधी साडेचार टक्क्यांहून जास्त ताणला जातो. साधा कार्बन दीड-दोन टक्क्यांत संपतो आणि फार उच्च मॉड्युलसचा तर जेमतेम एका टक्क्यात. ताठपणा विकत घेताना सोसण्याची ताकद आपण परत देत असतो.

छापील आकड्यांबद्दल दोन गोष्टी. काही रॉडवर २४ टन, ३० टन, ४० टन असं लिहिलेलं असतं. तेही मॉड्युलसच आहे, फक्त एकक वेगळं: २४ टन म्हणजे साधारण २३५ गिगापास्कल, ३० टन म्हणजे २९४ आणि ४० टन म्हणजे ३९२. दुसरं, आयएम-६, आयएम-७, आयएम-८ ही मुळात हर्क्युलिस या कंपनीच्या तंतूंची नावं. पुढे तो व्यवसाय हेक्सेलकडे गेला. रॉडच्या दर्जाचं हे कुठलंही सर्वमान्य मानक नाही, त्यामुळे आयएम-८ लिहिलेला रॉड आयएम-६ वाल्यापेक्षा चांगलाच असेल असं धरू नये. आणि हे सगळे आकडे नुसत्या तंतूचे आहेत. रॉडमध्ये तंतूंना बांधून ठेवणारी राळ असते, बहुतेक वेळा दोन-तीन प्रकारचे तंतू असतात, आणि राळ किती, थर कसे, यावर बराच खेळ असतो.

२६ जानेवारी

कालच्या नोंदीला जोड. ग्लास म्हणजे स्लो आणि कार्बन म्हणजे फास्ट, असं सर्रास बोललं जातं. हे अर्धंच खरं आहे.

ब्लँक बनवताना निमुळत्या पोलादी सळईवर राळ भरलेलं तंतूचं कापड गुंडाळतात, वरून फीत आवळतात, भट्टीत भाजतात आणि मग सळई ओढून काढतात. सळई किती झपाट्याने निमुळती होते आणि कापड कोणत्या आकारात कापलं आहे, यावरून रॉड कुठे लवणार ते ठरतं. बुंध्याशी जाड आणि शेंड्याकडे झपाट्याने बारीक होणारी नळी फास्ट होणार, मग ती कशाचीही असो. कार्बनचा मॉडरेट क्रँकबेट रॉड बनतो आणि चांगला बनतो. मटेरियलमुळे ठरतं ते वजन आणि वाकल्यानंतर सरळ व्हायला लागणारा वेळ. ग्लासचा शेंडा जड असल्यामुळे उशिरा थांबतो, म्हणून तोच वाक ग्लासमध्ये हाताला जास्त संथ वाटतो.

त्यामुळे निवडीचा क्रम असा राहील: आधी अ‍ॅक्शन, मग पॉवर, मग लांबी, आणि मटेरियल सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरू करतात.

९ फेब्रुवारी

आजचं काम मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. हिसका दिल्यावर गळापर्यंत नेमका किती जोर पोचतो ते मोजलं. स्प्रिंगचा काटा खांबाला बांधला, लाइन (रॉडची दोरी) त्याला जोडली, पंधरा मीटर मागे गेलो आणि मासा लागल्यावर देतो तसा हिसका दिला. भाऊ काट्याशी बसून आकडा वाचत होता.

पूर्ण ताकदीने, पाय रोवून दिलेल्या हिसक्यालाही काटा दोन-तीन किलोंच्या फारसा वर जात नाही. भावाचा विश्वासच बसेना, तो म्हणाला, "दादा, परत मार, काटा अडकला असेल." परत मारला, तोच आकडा. कारण समजायला सोपं आहे. रॉड हा उलटा तरफ आहे, लांब बाजू माशाकडे आणि आखूड बाजू आपल्या हातात. रॉड जितका उभा, तितका तो आपल्या विरोधात काम करतो. रॉड लाइनच्या दिशेने खाली धरून तेवढ्याच जोराने मागे ओढलं तर काटा कितीतरी पुढे जातो.

रॉडनुसार फरक स्पष्ट होता. मीडियम-हेवी फास्ट रॉडने लाइन जवळजवळ लगेच ताठ होते आणि काटा झपकन चढतो. तेवढ्याच पॉवरच्या ग्लासने काटा सावकाश चढतो आणि थोडा कमीवर थांबतो, पण नंतर तो जोर टिकून राहतो, पटकन पडत नाही. लाइन बदलली की चित्र आणखी बदलतं. ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, जवळपास लांबतच नाही, नायलॉन बऱ्यापैकी लांबतं. नायलॉन आणि ग्लास एकत्र आले की पंधरा मीटरवर नुसतं रबर ओढल्यासारखं वाटतं. लाइन हा रॉडचाच पुढचा भाग मानायला हवा, दोन्ही वेगवेगळे निवडता येत नाहीत.

आता गळाचा रकाना परत बघितला. टेक्सास रिगचा जाड गळ आधी रबरी किड्यातून आणि मग बासच्या टणक जबड्यातून पार जायचा असतो. तारेची जाडी जितकी जास्त, तितका जोर जास्त लागतो. त्या दोन-तीन किलोंतला एक ग्रॅमही वाया घालवून चालणार नाही. ट्रेबलची बारीक तार मात्र थोड्याशा दाबानेही रुतते. तिथे जोर किती यापेक्षा तो टिकतो का, हा प्रश्न आहे.

२३ फेब्रुवारी

पाण्यावर. थंड पाणी, ढगाळ, वारा हलका. दिवसभर फक्त क्रँकबेट, आधी ग्लासवर आणि मग कार्बनच्या फास्ट रॉडवर, लाइन दोन्हीवर तीच फ्लोरोकार्बन.

फेकताना फरक लगेच जाणवतो. क्रँकबेट पोकळ, फुगीर, पुढे प्लास्टिकची जीभ, हवेत गटांगळ्या खाणारं. ग्लास रॉड त्याच्या वजनाने खोलवर लवतो आणि सावकाश सोडतो, त्यामुळे ते सरळ जातं आणि रीलवर (लाइन गुंडाळायच्या चाकावर) गुंता होत नाही. फास्ट रॉड त्याला झटक्यात भिरकावतो. नेम चांगला बसतो, पण हात जरा घाईत सुटला की गुंता.

बास तोंड झटक्यात उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो, सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात. असं सांगतात की ताठ रॉड आमिष तोंडातून मागे खेचतो आणि लवचीक रॉड ते आत जाऊ देतो. यात तथ्य आहे. पण आज मासे नावेपर्यंत आणताना जे पाहिलं त्यावरून मला दुसरं कारण मोठं वाटतं. एका बासला मागच्या ट्रेबलचं एकच टोक लागलं होतं, ओठाच्या कडेच्या पातळ कातडीत. नावेजवळ आल्यावर त्याने तोंड उघडून डोकं झाडलं. ग्लासचा शेंडा त्याच्या प्रत्येक झाडण्याबरोबर खाली गेला आणि वर आला, लाइन एकदाही सैल पडली नाही. मासा हातात आल्यावर पाहिलं, गळाच्या भोवतीचं भोक रुंदावून लांबट झालं होतं. ताठ रॉडवर तो गळ तिथे राहिला नसता. फास्ट रॉडवर नावेजवळ निसटलेले मासे याच क्षणी निसटले, डोकं झाडताना.

क्रँकबेटसाठी मॉडरेट, यावर माझ्या मनात आता शंका नाही. लांबी सात फुटांच्या वर हवी. लांब फेक म्हणजे खोल जाणारं क्रँकबेट पूर्ण खोलीवर जास्त वेळ राहतं, कारण सुरुवातीचा आणि शेवटचा थोडा भाग खाली-वर होण्यातच जातो.

एक अपवाद लिहून ठेवतो. लिपलेस, म्हणजे पुढे जीभ नसलेलं, क्रँकबेट पाणवनस्पतीत अडकतं आणि झटका देऊन सोडवायचं असतं. बरेचदा त्या सुटण्याच्या क्षणीच मासा घेतो. संथ ग्लास तिथे हिसका गिळून टाकतो आणि गवत सुटतच नाही. त्याला मॉडरेट-फास्ट कार्बनच बरा.

८ मार्च

जर्कबेटने हिशोब बिघडवला, आणि हाच सगळ्यात रंजक भाग आहे.

गळ पाहिला तर ट्रेबल, म्हणजे मॉडरेट हवा. पण जर्कबेट रीलने ओढून चालत नाही. रॉडच्या शेंड्याने सैल लाइनवर आखूड टिचकी द्यायची, लगेच शेंडा पुढे सोडायचा, म्हणजे ते पाण्यात जागच्या जागी बाजूला वळतं. ग्लासवर टिचकी दिली की शेंडा डुलत राहतो, लाइनला सैल पडायला वेळच मिळत नाही आणि जर्कबेट नुसतं पुढे सरकतं. स्वच्छ पाण्यात नावेच्या कडेने दोन्ही रॉड चालवून पाहिले. कार्बनच्या शेंड्यावर ते डावीकडे-उजवीकडे मान टाकत होतं, ग्लासवर पुढे पळत होतं. डोळ्यांनी दिसण्याइतका फरक.

तोडगा पॉवरमध्ये आहे. अ‍ॅक्शन फास्टच्या जवळ ठेवायची आणि पॉवर मीडियमवर आणायची. शेंडा लवकर थांबतो म्हणून आमिष नीट चालतं, आणि मासा लागल्यावर कमी पॉवरमुळे रॉड खालपर्यंत देतो. लांबी मात्र कमी, साडेसहा फूट ते सहा फूट दहा इंच. शेंडा खाली पाण्याकडे धरून काम करायचं असतं, लांब रॉड पाण्याला आपटतो. टॉपवॉटर चालवणाऱ्यांनाही हाच रॉड चालतो. फक्त लाइन बदलायची, फ्लोरोकार्बन बुडतं आणि आमिषाचं तोंड खाली खेचतं.

म्हणजे गळाचा रकाना एकटा पुरत नाही. दुसरा रकाना जोडला: आमिष कोण चालवतं, रील की शेंडा?

१५ मार्च

दुसऱ्या रकान्याची परीक्षा चॅटरबेटवर. त्याला एकच जाड गळ आहे, त्यामुळे पहिल्या नियमाने फास्ट हवा. पण ते रीलने सलग ओढलं जातं, पातं सतत थरथरतं, आणि बास ते चालतं असतानाच घेऊन वळतो. फास्ट कार्बनवर पात्याची थरथर इतकी तीव्र येते की मासा तोंडात घेताच आपण हिसका देतो, तो वळण्याच्या आधीच. मॉडरेट रॉडवर थरथर मवाळ होते आणि रॉड आपोआप भरत जातो. मग फक्त मागे झुकायचं. पण गळ जाड आहे म्हणून पॉवर मीडियम-हेवी हवीच.

ग्लास आणि कार्बन एकत्र विणलेले कॉम्पोझिट ब्लँक यासाठीच असतात. शेंडा ग्लाससारखा मऊ, बुंध्याला कार्बनचा कणा, वजन पूर्ण ग्लासपेक्षा कमी. सात फूट दोन-तीन इंच, मीडियम-हेवी, मॉडरेट, कॉम्पोझिट. बांधायचा रॉड ठरला. क्रँकबेटही यावरच जाईल, मोठी आणि मध्यम दोन्ही.

स्पिनरबेट त्याच्याच जरा फास्ट बाजूला बसतं. त्यासाठी तो तिसरा, चुकीचं नाव छापलेला कार्बन रॉड उत्तम आहे, आणि लिपलेसही त्यावरच.

२२ मार्च

जिग आणि टेक्सास रिग. इथे फार लिहायला नको. आमिष तळाला जवळजवळ स्थिर, मासा ते उचलतो तेव्हा लाइनला एक बारीक टिक येते किंवा लाइन नुसती बाजूला सरकते. हाताला कळलं पाहिजे आणि लगेच जोर पोचला पाहिजे. हलका, ताठ, फास्ट कार्बन, मीडियम-हेवी, सात फूट ते सात फूट तीन इंच. चांगल्या मॉड्युलसला मोजलेलं मोल इथेच वसूल होतं, बाकी कुठे नाही.

दाट झाडोऱ्यात जवळून सोडायचं असेल तर हेवी आणि साडेसात फुटी. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डी थॉमस यांनी ही फ्लिपिंगची रीत स्पर्धांमध्ये आणली, आणि आजचे फ्लिपिंग रॉड अजूनही त्या लांबीच्या आसपासच आहेत. लांबीमुळे लोलकासारखं अलगद सोडता येतं आणि मासा लागला की ओंडक्यांतून उभा वर उचलता येतो.

२९ मार्च

ओळखीतल्या एकाचा मोडलेला उच्च मॉड्युलसचा रॉड तपासायला मागून घेतला. मोडलेली जागा शेंड्यापासून हातभर. भिंग लावून पाहिलं: नळीची भिंत नखाएवढी पातळ आणि तुटीच्या कडेला बाहेरून आत गेलेला एक लहानसा ठसा. बहुधा जड जिग फेकताना आपटलेला. त्याच जागेवर पुढे कधीतरी वाक आला आणि नळी दबून फुटली.

वाकलेल्या नळीची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि गोल छेद चपटा व्हायला बघतो. उच्च मॉड्युलसच्या पातळ भिंतीला हे चपटं होणं सोसत नाही. म्हणून मासा नावेच्या कडेला आल्यावर रॉड उभा करून शेंडा मागे वळवायचा नाही, तिथे सगळा वाक शेवटच्या फूटभरात येतो. ग्लास हे सोसतो, कार्बन सोसत नाही. रॉड नावेत आडवे टाकताना वजनं आणि जिग शेंड्यापासून दूर ठेवायचे.

आणखी एक, आणि हे गंभीर आहे. कार्बन विजेचा वाहक आहे. वादळात विजा कडाडायला लागल्या की रॉड खाली ठेवून पाण्यावरून निघायचं. विजेच्या तारांखाली तो उभा धरून चालायचं नाही.

१२ एप्रिल

कॉम्पोझिट ब्लँक आला. आधी कोराच शिकंज्यात लावून वाळूची मोजणी केली आणि रेषा कागदावर उतरवली, बांधल्यानंतर ताडून बघायला.

मग कणा शोधला. ब्लँकचा बुंधा गुळगुळीत फरशीवर टेकवायचा, शेंड्याजवळ बोटावर पेलायचा, मधे तळहाताने दाबून वाकवायचा आणि फिरवायचा. तो एका जागी आपोआप उडी मारून स्थिरावतो. कापडाचा थर जिथे एकावर एक येतो तिथला हा जास्त ताठ पट्टा. काही जण गाईड (लाइन ओवायच्या कड्या) याच्यावरच बांधा म्हणतात, काही जण ब्लँक ज्या बाजूने सरळ दिसतो ती बाजू धरतात. मी सरळ बाजू धरली. एकदा गाईड लागले आणि लाइनवर ताण आला की रॉड कुठे वळणार ते गाईड वर आहेत की खाली यावर जास्त ठरतं.

१९ एप्रिल

गाईडच्या जागा. हा बेटकास्टिंग रॉड आहे, म्हणजे रील आणि गाईड वरच्या बाजूला आणि ताण आला की लाइन ब्लँककडे दाबली जाणार. गाईड कमी पडले तर दोन गाईडमध्ये लाइन ब्लँकला घासते. रॉड मॉडरेट असल्यामुळे वाक खालपर्यंत जातो, म्हणून खालच्या अर्ध्या भागातही गाईड जवळ लागतात. फास्ट रॉडमध्ये ते मुख्यतः शेंड्याकडे दाटतात. आधी सगळे गाईड चिकटपट्टीने तात्पुरते लावले, लाइन ओवली, शेंड्याला वजन लावलं आणि लाइन वाकाबरोबर गोल जाते की कुठे कोपरा करते ते पाहिलं. मधल्या दोन गाईडमध्ये कोपरा दिसला, एक गाईड बोटभर मागे सरकवला, कोपरा गेला.

शेंड्याकडचे गाईड जितके हलके तितके चांगले. ग्लासमुळे शेंडा आधीच जड आहे, त्यावर जड गाईड म्हणजे डुलणं आणखी वाढणार.

२६ एप्रिल

धागा गुंडाळला. गाईडचे पाय आधी कानशीने धारेपर्यंत निमुळते केले, नाहीतर धागा पायावर चढताना फट पडते आणि पायाची कडा ब्लँकमध्ये रुततेही. धागा फार आवळला तर ब्लँक दाबला जातो. गुंडाळल्यावर बोटाने गाईड जरासा हलवता आला पाहिजे, इतपतच ताण. मग इपॉक्सीचा पातळ थर दिला आणि कडक होईपर्यंत संथ मोटरवर फिरत ठेवला, म्हणजे ओघळ एका बाजूला साचत नाही. घाईने मिसळलं की बुडबुडे येतात. सपाट भांड्यात ओतून पसरू दिलं की ते बहुतेक फुटून जातात.

४ मे

बांधलेल्या रॉडची वाळूने मोजणी. पॉवरमध्ये जाणवण्याजोगा फरक नाही. रेषाही जवळपास कोऱ्या ब्लँकवरच बसली. पण शेंडा हाताने वाकवून सोडल्यावर तो थांबायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेतो. गाईड, धागा आणि इपॉक्सी यांचं वजन स्थिर मोजणीत दिसत नाही, हालचालीत दिसतं. जर्कबेट रॉडला लहान, हलके गाईड का लावतात त्याचं हे उत्तर.

रील लावून तोल पाहिला. शेंडा थोडा जड आहे. चॅटरबेट आणि क्रँकबेट ओढताना शेंडा तसाही खाली असतो, त्यामुळे मुठीत वजन भरून तोल आणायची गरज वाटत नाही. एकूण वजन उगाच वाढेल.

१० मे

पाण्यावर नवा रॉड. सकाळी चॅटरबेट, ऊन चढल्यावर खोल क्रँकबेट. रील कमी गिअरचं लावलं, हँडलच्या एका फेरीला चाकाच्या पाचेक फेऱ्या, कारण खोल क्रँकबेट पाण्याला फार धरतं आणि वेगवान रीलने मनगट दुखतं.

तळाच्या दगडांवर जीभ आपटल्याचं कळतं, पण कार्बनसारखं टोकदार नाही, जरा गुबगुबीत. क्रँकबेटला एवढं पुरतं, कारण मासा घेतो तेव्हा रॉड स्वतःच खाली जातो, तो टिपायला तीक्ष्ण हात लागत नाही. मोठा बास चॅटरबेटवर आला. पाते तोंडाबाहेर आणि गळ वरच्या जबड्याच्या मधोमध, पूर्ण पार गेलेला. मुद्दाम हिसका दिला नव्हता, वळलो होतो फक्त. मीडियम-हेवीचा बुंधा आणि मॉडरेटचा शेंडा, दोघांनी आपापलं काम केलं.

१८ मे

राहिलेले दोन लुअर.

ड्रॉप शॉट आणि बाकीचे हलके, उघड्या बारीक गळाचे प्रकार स्पिनिंगवर, म्हणजे रील खाली लटकणाऱ्या रॉडवर. मीडियम-लाइट पॉवर, एक्स्ट्रा फास्ट, सात फुटांच्या आसपास. शेंडा इतका मऊ की हलकं वजन जाणवतं आणि बुंधा गळ रुतवायला पुरेसा. स्पिनिंग रॉडच्या मुठीजवळचा पहिला गाईड मोठा आणि उंच असावा, रीलवरून वेटोळ्यात सुटणारी लाइन तिथे आवरली जाते. बारीक ब्रेड आणि पुढे फ्लोरोकार्बनचा तुकडा.

पोकळ बेडकासाठी वेगळा रॉड घेत नाही. त्याला दोन जाड गळ, दाट पानांवर काम, जाड ब्रेड, म्हणून हेवी फास्ट लागतो आणि फ्लिपिंगचा रॉड तेवढाच आहे. बेडूक चालवायला शेंडा थोडा मऊ असता तर बरं झालं असतं. तरी बास पानं फाडून वर आला की त्याला गवतातून बाहेर ओढणारा बुंधा आधी हवा, आणि तो या रॉडला आहे.

पेटीत रॉडनिहाय लुअर लावून ठेवले. कॉम्पोझिटबरोबर क्रँकबेट आणि चॅटरबेट, मॉडरेट-फास्ट कार्बनबरोबर स्पिनरबेट आणि लिपलेस, आखूड मीडियमबरोबर जर्कबेट आणि टॉपवॉटर, फास्ट मीडियम-हेवीबरोबर जिग आणि टेक्सास रिग, हेवीबरोबर फ्लिपिंग आणि बेडूक, स्पिनिंगबरोबर हलके. जुना ग्लास भावाला दिला, तो उथळ क्रँकबेटच टाकतो. जुन्या गाईडचा धागा सुटत आलाय, तो पुढच्या आठवड्यात नव्याने गुंडाळून देणार.